दगड वाचणारा मास्तर : स्टीफन हिस्लॉप

नागपूरशी नाते नाही असे मराठी घर आपल्या बालाघाटात शोधूनच काढावे लागेल. कुणाचे माहेर तिकडचे, कुणाची सोयरीक तिकडची, कुणी शिकायला गेलेले, तर कुणी दवाखान्याच्या निमित्ताने महिनोन्‌महिने राहून आलेले. त्यामुळे हिस्लॉप कॉलेज हे नाव आपल्याकडे लहानथोरांच्या कानावरून गेलेले असते. पण हे हिस्लॉप कोण होते, असे विचारले तर उत्तर बहुधा एवढेच मिळते की कुणीतरी इंग्रज पाद्री असावेत. ते इंग्रज नव्हते, स्कॉटिश होते. आणि पाद्री असले तरी त्यांचे नाव जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे ते वेगळ्याच कारणाने. आपल्या पायाखालचा दगड कसा झाला, त्या काळी इथे कोण राहत होते, याचा पहिला नीट हिशेब मांडणाऱ्यांत त्यांची गणना होते.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावी झाला. वडील दगडी बांधकाम करणारे गवंडी होते. घर श्रीमंत नव्हते, पण शिक्षणाची आणि धर्माची ओढ होती. स्टीफन एडिंबरा आणि ग्लासगो येथे शिकले. 1843 साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले. हिस्लॉप त्या नव्या चर्चकडे गेले आणि त्याच चर्चने त्यांना मिशनरी म्हणून हिंदुस्थानात पाठवले. 1844 साली त्यांचे लग्न झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हे नवे जोडपे मुंबईच्या बंदरात उतरले. तिथून खुष्कीच्या मार्गाने 1845 च्या फेब्रुवारीत ते नागपूरला पोहोचले. वय सत्तावीस.

त्यांच्या लहानपणाचा काळ लक्षात घेतला तर पुढच्या गोष्टी समजायला सोपे जाते. हिस्लॉप सहा वर्षांचे असताना, 1823 च्या डिसेंबरात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस गावी मेरी ॲनिंग या सुताराच्या मुलीने कड्याच्या दगडातून एक जवळजवळ पूर्ण सांगाडा बाहेर काढला. लहान डोके, सापासारखी लांबच लांब मान, कासवासारखे धड आणि पायांच्या जागी चार वल्ही. हा समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी म्हणजे प्लेसिओसॉरस. मान इतकी विलक्षण होती की पॅरिसच्या कुव्हिए यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञालाही आधी शंका आली. नंतर ती खोटी नाही हे सिद्ध झाले. त्या पिढीतल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या मनात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली की दगड हा नुसता दगड नसतो; कधी काळी तिथे पाणी होते की जमीन, गोडे पाणी होते की खारे, हे त्यातले शिंपले आणि हाडे सांगू शकतात.

हिस्लॉप आले तेव्हा नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. आजच्या बालाघाट जिल्ह्याचा बराचसा भाग, लांजीचा मुलूख आणि वैनगंगेचा काठ, त्याच राज्यात मोडत असे. हिस्लॉप यांनी मराठी शिकून घेतली आणि 1846 साली शाळा काढली. एका विद्यार्थ्याच्या ख्रिस्ती होण्याच्या प्रश्नावरून मिशन आणि भोसले दरबार यांच्यात तणातणीही झाली. लोकांच्या मनात या शाळेविषयी संशय होता आणि तो असणे स्वाभाविक होते. ज्या कामासाठी त्यांना धाडले होते त्या धर्मांतराच्या कामात त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही. मुले मात्र शाळेत येत राहिली. डिसेंबर 1853 मध्ये रघुजी राजे निपुत्रिक वारले, लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क मानला नाही आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. एवढी मोठी उलथापालथ झाली तरी मास्तरांची शाळा चालूच होती.

हिस्लॉप यांच्या सोबतीला रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी होते. दोघांनाही निसर्गाची आवड होती. 1851 च्या सुमारास नागपूरच्या पश्चिमेला टाकळीजवळच्या खडकात त्यांना छोटे छोटे शिंपले दिसले. आज टाकळी शहराच्या पोटात गेली आहे. तेव्हा ते गावाबाहेरचे माळरान होते. या शिंपल्यांनी दोघांना वेड लावले. शाळा आणि प्रवचन सांभाळून, थंडीच्या दिवसांत खेडोपाडी फिरताना, ते जिथे जातील तिथे खडक पाहू लागले.

त्यांना जे दिसले ते नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवरसुद्धा पाहता येत होते. वर काळा फत्तर. त्याखाली मऊ दगडाचा एक पातळ थर. त्याच्याखाली पुन्हा काळा फत्तर. काळा फत्तर म्हणजे जमिनीच्या भेगांतून आलेला लाव्हा थंड होऊन झालेला खडक. त्यात जीव सापडायचे कारण नाही. पण मधल्या त्या बोटभर, कुठे हातभर जाडीच्या थरात गोगलगायींची कवचे होती, फळे आणि बिया होत्या, लाकडाचे तुकडे होते, किड्यांचे पंख होते आणि भिंगाखाली पाहावे लागतील असे बारीक कवचधारी जीवही होते.

हा थर समुद्राचा की तळ्याचा, हा खरा प्रश्न होता. त्यांच्या आधी डॉ. माल्कमसन यांनी मध्य हिंदुस्थानच्या लाव्ह्यामधले गोड्या पाण्याचे शिंपले पाहिले होते. हिस्लॉप आणि हंटर यांनी त्याच प्रश्नावर जागोजागचे थर तपासून, प्रत्येक नमुना वेगळा करून बारकाईने काम केले. नागपूरच्या थरात त्यांना मिळालेल्या गोगलगायी आपल्या आजच्या तलावांत आणि धानाच्या बांध्यांत दिसतात तशाच घराण्यातल्या होत्या. खाऱ्या पाण्याचे जीव तिथे नव्हते. म्हणजे नागपूरच्या जागी समुद्र नव्हता, गोड्या पाण्याची तळी होती. उलट गोदावरीच्या मुखाकडच्या राजमहेंद्रीजवळ तशाच थरांत खाडीच्या पाण्यातले शिंपले मिळत होते. हिस्लॉप यांनी दोन्हीकडचे नमुने शेजारी शेजारी ठेवून हा फरक दाखवला. समुद्र पूर्वेला होता आणि आपला मुलूख तळ्यांचा होता.

आज हे चित्र अधिक स्पष्ट झाले आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा टप्प्याटप्प्याने पसरला. एक टप्पा संपला की मध्ये मोठी शांतता असे. तेवढ्यात खोलगट जागी पाणी साचायचे, तळी व्हायची, झाडे उगवायची. मग पुढचा लाव्हा येऊन सगळे झाकून टाकायचा. आपल्याकडून मंडला-दिंडोरीकडे गेलो की घुघुआच्या जीवाश्म उद्यानात ताडामाडासारख्या झाडांची दगड झालेली खोडे दिसतात, तीही याच काळातली. हिस्लॉप यांनी या थरांचे वय आजच्या हिशेबापेक्षा काहीसे अलीकडचे धरले होते, कारण तेव्हा वय मोजायची साधनेच नव्हती. तळ्याबद्दलचा त्यांचा निष्कर्ष मात्र नागपूरपुरता टिकला. समुद्राचा प्रश्नही पुरता मिटलेला नाही. छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिलीच्या अशाच थरात समुद्री सूक्ष्मजीवांची कवचे मिळाल्याचे 2009 साली प्रसिद्ध झाले, आणि समुद्राचा एखादा फाटा इथवर आला होता का, यावर अभ्यासक आजही बोलत आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या जमिनीत मोठाली हाडे मिळतात, याची पहिली नोंद हिस्लॉप यांच्या नावावर आहे. ही हाडे कुणाची, हे कळायला पुढे बराच काळ गेला. आपल्या शेजारच्या जबलपूरला, बडा शिमला टेकडीवर, ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध झालेल्या स्लीमन यांना 1828 सालीच अशी हाडे मिळाली होती. रिचर्ड लायडेकर यांनी 1877 साली जबलपूरच्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले आणि 1879 साली पिसदुऱ्याच्या हाडांवरून त्याच कुळातल्या दुसऱ्या जातीचे वर्णन केले. हे लांब मानेचे, लांब शेपटीचे, झाडपाला खाणारे प्रचंड डायनोसॉर. पिसदुऱ्याच्या जवळच डोंगरगाव येथे 1980 च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांना अशाच एका प्राण्याचा बराचसा सांगाडा मिळाला. त्याला आज इसिसॉरस म्हणतात. त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच हे नाव पडले.

म्हणजे लाइम रेजिसचा लांब मानेचा प्राणी समुद्रात पोहत होता, तर आपल्याकडचा लांब मानेचा प्राणी तळ्याकाठी चरत होता. समुद्रातले ते भाऊबंद आपल्या देशात मुळीच नव्हते असे नाही. कच्छच्या खडकांतून मिळालेल्या प्लेसिओसॉरसच्या अवशेषांची नोंदही लायडेकर यांनीच केली. पण विदर्भ आणि महाकोशलच्या या पट्ट्यात तळ्यांचे राज्य होते, आणि ते ओळखायची किल्ली हिस्लॉप यांच्या त्या इवल्याशा गोगलगायींत होती. मोठ्या हाडांच्या आधी त्यांनी लहान शिंपल्यांकडे नीट पाहिले, हे त्यांच्या कामाचे मर्म म्हणावे लागेल.

पिसदुऱ्याची आणखी एक गोष्ट आपल्या धानाच्या जिल्ह्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे हाडांसोबत शेण दगड झालेलेही मिळते. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवून दिले की त्या शेणात गवताचे सूक्ष्म वाळूसारखे कण आहेत. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते अशी तोवर समजूत होती, ती या शेणाने मोडली. 2011 साली त्याच गटाने त्यातले काही कण भाताच्या कुळातील गवताचे असल्याचे दाखवले. आपल्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या भाताच्या दूरच्या पूर्वजांची आठवण पिसदुऱ्याच्या दगडात आहे, ही कल्पनाच मोठी मौजेची आहे.

हिस्लॉप यांची कामाची रीत शिकण्यासारखी होती. मिळालेली वस्तू त्यांनी कपाटात जपून ठेवली नाही. जे ज्याला कळते ते त्याच्याकडे पाठवले. नागपूरच्या दक्षिणेला मांगली येथे मिळालेली उभयचर प्राण्याची कवटी लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली आणि 1855 साली तिला ब्रॅकिऑप्स हे नाव मिळाले. डायनोसॉर हा शब्द ज्यांनी घडवला तेच हे ओवेन. कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या वालुकाश्मातील पानांचे ठसे चार्ल्स बनबरी यांनी अभ्यासले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस नावाची जिभेच्या आकाराची पाने होती. तीच पाने बंगालच्या कोळशाच्या खाणींत आणि दूर ऑस्ट्रेलियातही सापडत होती. दक्षिणेकडचे खंड एकेकाळी जोडलेले होते या विचाराला पुढे याच पानांचा मोठा आधार मिळाला, आणि त्या जोडलेल्या भूभागाला नाव मिळाले गोंडवन. ते नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून आले, हे बालाघाटकरांना वेगळे सांगायला नको.

हंटर 1855 साली मायदेशी परतले. हिस्लॉप एकटेच काम ओढत राहिले. 1858 ते 1860 या काळात ते स्कॉटलंडला जाऊन आले आणि त्या मुक्कामात सोबत नेलेल्या संग्रहावर त्यांनी लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेत आपला मोठा निबंध सादर केला. परत आल्यावर पुन्हा शाळा, पुन्हा फिरती.

या फिरतीत त्यांचा दुसरा अभ्यासही वाढत होता. गोंड आणि शेजारच्या इतर आदिवासी जमातींची भाषा, चालीरीती, गाणी ते टिपून घेत होते. गोंडांचा आदिपुरुष लिंगो याची लांबलचक गाथा परधान गायक पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ गात आले होते. ती हिस्लॉप यांनी मुळातल्या गोंडी शब्दांत उतरवून घेतली. बैहरकडे ज्यांनी गोंडांच्या घरचे लग्न पाहिले आहे त्यांना अशा गाण्यांची मोलाची जागा ठाऊक असते. ज्या काळात या लोकांचे बोलणे कागदावर घ्यावे असे कुणाला फारसे वाटत नव्हते, त्या काळात हे काम झाले.

1861 च्या नोव्हेंबरात मध्य प्रांत स्थापन झाला. पुढच्या वर्षी रिचर्ड टेंपल यांच्या हाती त्याची सूत्रे आली. टेंपल यांना प्रांताची माहिती गोळा करायची हौस होती आणि ही माहिती हिस्लॉप यांच्याइतकी कुणाकडे नव्हती. दोघांचे जमले. नागपूरचे अजब बंगला म्हणून आपण ओळखतो ते संग्रहालयही याच दिवसांत, 1863 साली, सुरू झाले.

त्याच 1863 सालच्या सप्टेंबरात टेंपल आणि हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटला गेले होते. आज बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीमुळे आपण तो भाग ओळखतो. तिथे माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी मृतांच्या स्मरणार्थ ती मांडली होती आणि त्यांत लोखंडी हत्यारे, मडकी पुरलेली मिळतात. पुढे 1968-69 मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. 4 सप्टेंबरला ही शिलावर्तुळे पाहून झाल्यावर हिस्लॉप जवळच्या बोरी गावची शाळा तपासण्यासाठी मागे थांबले. मुलांची परीक्षा घेऊन ते संध्याकाळी एकटेच घोड्यावरून छावणीकडे निघाले. पावसाने वाटेतला ओढा भरून आला होता. काही वेळाने घोडा तेवढा छावणीत आला, पाठीवर स्वार नव्हता. शोध घेतला तेव्हा ओढ्याच्या पाण्यात त्यांचा देह सापडला. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

असे अचानक गेलेल्या माणसाचे टिपण बहुधा वाऱ्यावर जाते. हिस्लॉप यांचे तसे झाले नाही याचे श्रेय टेंपल यांना द्यावे लागेल. त्यांनी ते विस्कळीत कागद गोळा केले, नीट लावले आणि 1866 साली मध्य प्रांतातील आदिवासींविषयीचे पुस्तक म्हणून छापून काढले. लिंगोची गाथा गोंडी शब्दांसह त्यात आहे. ओढ्याच्या पाण्यात माणूस गेला, पण गाथा वाचली. त्यानंतर वर्षभरातच, 1867 साली, आपला बालाघाट जिल्हा आकाराला येऊ लागला.

हिस्लॉप यांच्या शाळेच्या परंपरेतून 1883 साली त्यांच्या नावाचे कॉलेज निघाले. नागपुरातले ते पहिले कॉलेज. तेव्हा नागपूरला विद्यापीठ नव्हते. ते आले 1923 मध्ये. तोवर मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील कितीतरी मुलांच्या उच्च शिक्षणाची वाट या कॉलेजातून गेली. धर्म बदलायला आलेल्या माणसाच्या नावाच्या कॉलेजात बाप्पाला वंदन करून जाणारी मुले पिढ्यान्‌पिढ्या शिकली आणि आपापल्या घरची राहिली, हाही इतिहासाचाच एक भाग.

निसर्गाने त्यांचे नाव आणखी तीन ठिकाणी जपले आहे. नागपूरजवळच्या खडकातील एका हिरवट खनिजाला हिस्लोपाइट म्हणतात. मालेरीच्या खडकात मिळालेल्या प्राचीन माशाच्या दातांना ओल्डहॅम यांनी 1859 साली सेराटोडस हिस्लॉपियानस हे नाव दिले. आणि गोड्या पाण्यात दगडाला, पानाला चिकटून राहणाऱ्या एका चिमुकल्या जिवाचे नाव आहे हिस्लोपिया. मुंबईच्या डॉ. कार्टर यांनी 1858 साली नागपूरकडच्या नमुन्यावरून ते ठेवले. हा जीव आजही आपल्या तळ्यांत आहे. तळ्यांचा इतिहास शोधणाऱ्याचे नाव तळ्यातल्याच जिवाला लाभावे, यापेक्षा योग्य स्मारक दुसरे कोणते असणार!

हिस्लॉप यांचा जन्म सप्टेंबरातला आणि मृत्यूही सप्टेंबरातलाच. दोन्ही तारखा बहुतेक वर्षी आपल्या उत्सवाच्या आगेमागेच येतात. बुद्धीच्या देवतेच्या या दिवसांत घरातल्या मुलांना एवढे जरूर सांगावे. कुठे विहीर खणली जात असेल, रस्त्यासाठी टेकडी कापली जात असेल, आणि काळ्या फत्तराच्या दोन थरांमध्ये पांढुरका किंवा हिरवट मऊ दगड दिसला, तर क्षणभर थांबून पाहा. त्यात गोगलगायीचे कवच दिसले तर ते फोडू नका, फेकू नका. जागा लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. एका गवंड्याच्या मुलाने परक्या मुलखात येऊन हेच केले होते. आपण तर इथलेच आहोत.